जुना इलेक्ट्रिक पियानो: ऱ्होड्स घ्यावा की वुर्लिट्झर?

1980च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन्हींचं उत्पादन थांबलं, तरी कीबोर्ड वाजवणाऱ्यांचा जीव आजही यांच्यात अडकलेला असतो. हे आवाज नव्या कीबोर्डमध्ये तयार मिळतात आणि कार्यक्रमापुरते छान चालतातही. पण खऱ्या वाद्यात थरथरत्या धातूवर पुन्हा हातोडी पडते आणि दर वेळी स्वर जरा वेगळा उमटतो. बोटांना त्याची चटक लागली असेल, तरच पुढचं वाचा.

वुर्लिट्झर 200ए हे 1974 पासूनचं मॉडेल पेटीवाल्यांना जवळचं वाटेल. आत पोलादी सूर (रीड, म्हणजे धातूची पातळ पाती) आहेत, फक्त ते भात्याच्या हवेवर नव्हे, हातोडीच्या फटक्यावर वाजतात. प्रत्येक रीडच्या टोकाला सोल्डरचा गोळा असतो. तो कानशीने किंचित घासला की सूर चढतो, सोल्डर वाढवलं की उतरतो. काम नाजूक आहे. जास्त घासलं गेलं तर पुन्हा सोल्डर चढवत बसावं लागतं. सतत जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली रीड तुटतातही. मात्र हलक्या हाताला मऊ आणि जोर लावला की गुरगुरणारा असा आवाज दुसरीकडे नाही. अमेरिकन गायक-पियानोवादक रे चार्ल्स यांनी तो 1950च्या दशकातच लोकप्रिय केला. पट्ट्या 64, स्पीकर अंगचेच, वजन साधारण 25 किलो.

ऱ्होड्समध्ये हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर, म्हणजे टाइनवर पडते आणि समोरचा पिकअप (थरथरीचा विजेचा संकेत करणारा भाग) तिची थरथर उचलतो. टाइनवर इवलीशी स्प्रिंग असते. ती टोकाकडे सरकवली की सूर उतरतो, मागे घेतली की चढतो. चुकलं तर परत सरकवा, बिघडत काही नाही. नवख्याने हे वाद्य निर्धास्त उघडावं. स्वर घंटेसारखा आणि लांब टिकणारा, त्यामुळे मोठे कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर) धरून ठेवायला याच्यासारखं सुख नाही. पण 73 पट्ट्यांच्या, अंगचे स्पीकर नसलेल्या स्टेज मॉडेलचं वजनच 60 किलोच्या आसपास आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर आधी जिना आठवा.

आपल्याकडे एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतून आलेला 200ए तिथल्या विजेवर चालतो. 230 व्होल्टला थेट जोडला तर जळेल, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ऱ्होड्सच्या स्टेज मॉडेलला मुळात वीजच लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारसारखी केबल लावून ॲम्प्लिफायरला जोडायचं, झालं.

घरी एकट्याने गाण्याला साथ करायची असेल, तर वुर्लिट्झर घ्या. बँडसोबत वाजवणार असाल आणि उचलायला माणसं असतील, तर ऱ्होड्स. माझं मत विचाराल तर पहिलं वाद्य ऱ्होड्सच असावं, कारण ते आपल्या हातांनी सुरात ठेवता येतं.

दोन्हींचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवा आणि झाकण उघडून गंज बघा. वाद्य मुंबईत किंवा कोकणात राहिलेलं असेल तर अगदी टॉर्च लावून.