घरचं फायबर इंटरनेट: वायर चांगली, लाइनमन उत्तम, तक्रार केंद्र नापास

आम्ही पुण्यात कोथरूडला, डहाणूकर कॉलनीच्या बाजूला राहतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जुनं केबलवाल्याचं नेट सोडून फायबर घेतलं. २०० एमबीपीएसचा प्लॅन, महिना ६९९ रुपये. अर्थात ६९९ हा फक्त जाहिरातीतला आकडा, १८ टक्के जीएसटी धरून बिल ८२४ रुपये ८२ पैशांचं येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच कंपनीची सेवा कर्वेनगरला एक आणि औंधला दुसरीच असते. सगळं त्या भागातल्या स्थानिक माणसांवर चालतं. तेव्हा नाव वाचून निर्णय घेण्यापेक्षा पुढचं वाचून घ्या.

आधी माझी गरज सांगते. मी संध्याकाळी घरून मोडी लिपी शिकवते. हातावर कॅमेरा लावलेला असतो आणि मी बोरूने लिहिताना विद्यार्थी बघत असतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायचं. वळण कुठून सुरू होतं, कुठे वळतं, हेच तर शिकायचं असतं. चित्र अडकलं आणि पुढच्या क्षणी तयार अक्षरच दिसलं, तर त्या तासाला काही अर्थ उरत नाही. म्हणून मला डाउनलोडपेक्षा अपलोड महत्त्वाचं. या प्लॅनमध्ये दोन्ही सारखे मिळतात, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. सासूबाई हॉलमध्ये टीव्हीवर कीर्तन लावून बसल्या आणि मुलगा आत मीटिंगमध्ये असला, तरी माझं चित्र हलत नाही. महिन्याची ३३०० जीबीची मर्यादा आहे, पण आमच्यासारख्या घराला ती पुरून उरते.

आता त्रासाचं.

सुरुवातीपासून एक गोष्ट खटकत होती. स्पीड तपासला की आकडा कायम ९४-९५ वर. सकाळी बघा, रात्री बघा, तेवढाच. तक्रार केंद्राचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, वायफायवर एवढाच येतो, घरात भिंती असतात." भिंतींचं म्हणणं अर्धं खरं आहे. आमची इमारत जुनी, नऊ इंची विटांच्या भिंती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून नीट जात नाही, २.४ चा जातो पण तो हळू, शिवाय शेजारपाजारच्या सगळ्या राउटरची त्यात गर्दी. पण म्हणून राउटरच्या शेजारी बसूनही ९५ च येणार का? आकडा असा शंभरच्या अलीकडे ठाम अडकत असेल, तर वायफायला दोष देण्याआधी, फायबर घरात येऊन ज्या भिंतीवरच्या डब्यात संपते, त्या डब्यातून राउटरकडे जाणारी छोटी लॅन केबल बघा. आमच्याकडे जोडणी करणाऱ्या पोराने तिच्या टोकाला आठापैकी चारच तारा क्लिपमध्ये बसवल्या होत्या. चार तारांवर १०० च्या पुढे जाताच येत नाही. पारदर्शक क्लिप उजेडात धरली की तारा मोजता येतात. काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची, तेही तपासा. आमची केबल बदलल्यावर त्याच राउटरवर १९० च्या वर येऊ लागलं. ग्राहक पैसे २०० चे भरतो आणि त्याला १०० सुद्धा पुरते मिळत नाहीत, आणि हे कोणी तपासतही नाही, याचा मला खरोखर राग आला.

दुसरा त्रास याहून मोठा. ऐन शिकवणीच्या वेळी डब्यावरचा एलओएस नावाचा दिवा लाल व्हायचा. म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही. रोज नाही, पण जेव्हा व्हायचा तेव्हा दिवेलागणीलाच. फोन केला की "राउटर बंद करून चालू करा". केलं. मग तक्रार क्रमांक यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज: तुमच्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कोणी आलेलं नसायचं. सकाळी त्यांच्या यंत्रणेत माझा डबा हिरवा दिसला की तक्रार बंद. पुन्हा संध्याकाळी लाल.

शेवटी आमच्या भागाच्या लाइनमनचा नंबर सोसायटीच्या वॉचमनकडून मिळवला. तो आला, पिशवीतून फायबरमधला प्रकाश मोजायचा पॉवर मीटर काढला, वायर लावली आणि म्हणाला, "काकू, इथे पॉवर डाउन आहे." मीटरवर उणे २६ च्या आसपास आकडा होता. उणे २० च्या जवळपास असेल तर उत्तम, उणे २७-२८ च्या खाली गेला की डबा मान टाकतो. आणि तीनाचा फरक पडला म्हणजे प्रकाश निम्मा झाला, हे त्यानेच समजावलं. मग त्याने विचारलं, "संध्याकाळी घरात काय वेगळं करता?" हा प्रश्न तक्रार केंद्रातल्या एकालाही सुचला नव्हता. आम्ही डासांमुळे संध्याकाळी खिडक्या लावतो. त्याने हॉलची सरकती खिडकी लावली, आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत खाली गेला. जोडणी करताना फायबर खिडकीच्या पट्टीतूनच आत घेतली होती. खिडकी लागली की ती दबून तिथे दुमडायची. काचेची तार अशी मुडपली की प्रकाश बाहेर सांडतो, तुटायचीही गरज नसते. त्याने भिंतीला भोक पाडलं, नवी वायर ओढली, कोपऱ्यात मोठा गोल वळसा दिला आणि आकडा उणे २० वर आणून दाखवला. वर पाणीसुद्धा न घेता निघाला, पौड रोडला खोदकामात कुणाची तरी लाइन तुटली होती. असं नीट काम करणारी माणसं हीच या कंपनीची खरी कमाई आहे, आणि कंपनी त्यांचा नंबर ग्राहकाला देत नाही.

एक गोष्ट फायबरच्या बाजूने सांगायलाच हवी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की आधीचं नेट हमखास बंद पडायचं, कारण इमारतीच्या जिन्यातल्या स्विचला वीज लागायची. फायबरच्या वाटेवर एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही. घरचा डबा आणि राउटर चालू ठेवले की सहसा काम भागतं. त्यासाठी तपकीर गल्लीतून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. घेताना दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. वीज नसतानाही माझा तास पूर्ण होतो, हे सुख मोठं आहे.

तर, घ्यावं का? अपलोड लागत असेल तर जरूर घ्या. मात्र जोडणीच्या दिवशी घरात थांबा. वायर खिडकीतून घेऊ देऊ नका, भिंतीतूनच घ्यायला लावा. मीटरवरचा आकडा बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. लॅन केबलच्या आठ तारा मोजा. तक्रार न सोडवता बंद केली, तर तो क्रमांक घेऊन कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांनी तो हक्क दिलेला आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी अपिलाचं नाव काढल्यावर मगच वरच्या माणसाचा फोन आला होता.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. वर्षाचा प्लॅन घ्या, दोन महिने फुकट, असे फोन मला येतात. मी त्यांना न सोडवता बंद केलेल्या तक्रारींचे क्रमांक वाचून दाखवते आणि तीन महिन्यांचंच रिचार्ज करते.