युनिव्हर्सल ट्रॅव्हल अडॅप्टर: जपान आणि स्वित्झर्लंड करून आल्यावरचा अनुभव

स्वित्झर्लंडमध्ये माझ्या अडॅप्टरचा फ्यूज उडाला, आणि कस्टमर केअरवाल्या बाईंनी काल पुन्हा तेच सांगितलं, फ्यूज वॉरंटीत येत नाही, आणि अडॅप्टर तपासून हवा असेल तर स्वखर्चाने कुरिअर करा. अठराशे रुपयांची वस्तू, आत दहा-वीस रुपयांचा फ्यूज, आणि तो बघायला कुरिअरचे दीडशे मी घालायचे! बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'स्पेअर फ्यूजसह' छापलंय, माझ्या बॉक्समध्ये तो नव्हताच, त्यावर उत्तर काय तर "सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" अडॅप्टरचा कोण व्हिडिओ काढतं हो? त्यामुळे आता सगळं सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण हे चौकोनी ठोकळे बऱ्याच नावांनी विकले जातात आणि बनावट साधारण सारखीच, बाजूला पिना बाहेर काढायच्या सरकपट्ट्या, समोर कुठलीही पिन गिळणारं सॉकेट, खाली यूएसबीची रांग.

माझ्या दृष्टीने या वस्तूची परीक्षा एकच. रात्रभर भिंतीत घट्ट बसून राहते का? बाकी वॅट, पोर्ट, रंग सगळं नंतर. बाबांना स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत मध्येच श्वास थांबतो, आणि ते सीपॅप मशीन (मास्कमधून सतत हवा देणारं) लावून झोपतात. फोन चार्ज नाही झाला तर सकाळी पॉवर बँक लावता येते, पण मशीन मध्येच बंद पडलं तर बाबांची झोप मोडते आणि दुसरा दिवस डोकं धरून जातो. परदेशात एकेक दिवस किती महाग पडतो ते सगळ्यांना माहितीये.

जपानला सॉकेट म्हणजे दोन चपट्या फटी, अमेरिकेसारख्या. त्या फटीत हा ठोकळा, ठोकळ्यात आपली जाड तीन पिनांची टॉप, आणि टॉपला लोंबणारी मशीनची केबल. टोक्योच्या हॉटेलात सॉकेट पलंगाच्या उशाशी, कमरेच्या उंचीवर. पहिल्याच रात्री मास्कमधली हवा थांबली, बाबा दचकून उठले, मी मोबाईलचा टॉर्च मारून बघतो तर ठोकळा मान टाकून अर्धा बाहेर आलेला, चपट्या पिनांची पितळी चमक दिसत होती. परत दाबला की दिवा लागतो, हात काढला की हळूहळू पुढे झुकतो. खालून बॅग लावली, बॅगेवर टॉवेलची घडी ठेवली, तेव्हा कुठे सकाळ झाली. दोन पिनांच्या सॉकेटला तिसऱ्या पिनेचा आधार नसतो आणि ठोकळ्याचं सगळं वजन भिंतीपासून दूर असतं, त्यामुळे हे होणारच आहे, नशिबाचा भाग नाही. प्रॉडक्ट पेजवर १५० पेक्षा जास्त देशांत चालतो असं लिहितात, भिंतीत टिकतो का ते कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आकिहाबाराच्या योदोबाशी कॅमेरा या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तिथली साधी दोन पिनांची एक्सटेन्शन वायर घेतली. वायरची हलकी पिन भिंतीत, ठोकळा जमिनीवर आडवा, त्यात मशीन. विषय संपला. पुढे क्योतो, ओसाका सगळीकडे हीच मांडणी केली आणि खरं सांगायचं तर तिथून पुढे मला ठोकळा आवडायला लागला. आईचा फोन, माझा फोन, घड्याळ, पॉवर बँक सगळं एकाच ठिकाणी, सकाळी निघताना चार्जर विसरायची भीती नाही. परत आल्यावर मी याला चार स्टार दिले होते आणि ऑफिसमध्ये दोघांना घ्यायलाही लावला.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात म्हणून सांगतो. अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. जपानात १०० व्होल्ट आहे, टोक्योकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण १८९० च्या दशकात टोक्योने जर्मन जनरेटर आणले आणि ओसाकाने अमेरिकन, ते आजपर्यंत तसंच चालू आहे. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर काहीच चिंता नाही, फोन, लॅपटॉप, बाबांचं मशीन सगळं तसंच आहे. पण आपली २३० व्होल्टची किटली तिथे लावली की व्होल्टेज निम्म्याहून कमी आणि पॉवर पाचव्या हिश्श्याच्याही खाली, म्हणजे १५०० वॅटची किटली तिथे २८० च्या आसपास. अर्धा लिटर पाण्याला दहा मिनिटांच्या वर. आईने चहाची पूड, साखर, दूध पावडर, उपम्याचं पीठ सगळं घेतलं होतं, किटली मी घरीच ठेवायला लावली, तिथे बहुतेक हॉटेलात खोलीत किटली असतेच. आणि उलटं तर अजिबात करू नका, तिकडून फक्त १०० व्होल्टचा हेअर ड्रायर किंवा राइस कुकर आणून इथे थेट लावला तर पाचपट पॉवर जाऊन जळेल.

ॲपबद्दल थोडक्यात, कारण माझा सगळा राग अडॅप्टरवर आहे. डेटासाठी ई-सिम घेतलं आणि आपलं सिम फक्त मेसेजसाठी चालू ठेवलं, डेटा रोमिंग बंद. बँकेचा ओटीपी आपल्याच नंबरवर येतो, त्यामुळे ते सिम काढून ठेवण्यात अर्थ नाही. कार्डाचा इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमध्ये निघण्याआधी चालू करा. आयफोनवाल्यांना सुइका कार्ड (तिथलं ट्रेन-बसचं प्रीपेड कार्ड) वॉलेटमध्ये घेता येतं, पण आम्ही गेलो तेव्हा ॲपल पे आपल्याकडे नव्हतं म्हणून आपली कार्डं तिथे जोडता येत नव्हती आणि रिचार्ज अडायचा. मी सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर रोख भरून रिचार्ज करत होतो, फोन ट्रेवर ठेवायचा, नोटा घालायच्या. भारतातल्या अँड्रॉइडवर फोनमधलं सुइका चालत नाही, आई-बाबांना प्लास्टिकची कार्डंच घेतली आणि त्यांना ती जास्त बरी वाटली. गुगल ट्रान्सलेटवर बाबा मराठीत बोलायचे आणि समोर जपानी यायचं, एका औषधाच्या दुकानात त्यांनी असंच पाठदुखीचं मलम मागून घेतलं, मी बाजूला नुसता उभा.

मग आलं स्वित्झर्लंड, आई-बाबा, ताई, भावजी आणि मी. तिथलं सॉकेट म्हणजे भिंतीत षटकोनी खड्डा आणि खड्ड्यात तीन गोल भोकं. आपली साधी बारीक दोन पिनांची टॉप बरोबर बसते, पण ठोकळ्याचं तोंड त्या खड्ड्यापेक्षा रुंद, त्यामुळे पिना आतपर्यंत पोचतच नाहीत. ल्युसर्नच्या हॉटेलात हा अठराशेचा अडॅप्टर शोभेला! आमचं निभावलं ते पुण्यात विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून जाताजाता घेतलेल्या नव्वद रुपयांच्या सडपातळ पिन-कन्व्हर्टरवर. इंटरलाकेनच्या अपार्टमेंटमध्ये एक जुनं सपाट सॉकेट होतं, तिथे ठोकळा बसला आणि तिथेच गेला. ताईने हेअर ड्रायर लावला, २००० वॅटचा. ठोकळ्याची मर्यादा ८ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टवर १८४० वॅट. जरा वेळ चालला, मग बारीक टक् आवाज आणि सगळं बंद, यूएसबीसकट.

फ्यूज उडाला याबद्दल माझी तक्रार नाही, त्याने त्याचं काम केलं. तक्रार ही की मर्यादेचा आकडा काळ्या प्लास्टिकवर काळ्याच उठावात कोरलाय, नखाने चाचपून वाचावा लागतो, आणि तो अँपिअरमध्ये आहे. घरातल्या कुठल्या माणसाने ८ गुणिले २३० करायचं? जपानात तर हाच ठोकळा ८०० वॅटचा होतो. वॅट लिहा, पांढऱ्या अक्षरात लिहा. आणि खोक्यात म्हटलाय तो फ्यूज खोक्यात टाका. त्या रात्री बाबांचं मशीन नव्वद रुपयांवर चाललं, सकाळपर्यंत, एकदाही न हलता.

परत आल्यावर कस्टमर केअरचं वर सांगितलंच. मेलला ऑटो रिप्लाय, फोनवर दरवेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून कहाणी. शेवटी ठोकळा तापकीर गल्लीतच नेला, दुकानातल्या काकांनी पाठीमागची झडप स्क्रूड्रायव्हरने उघडून त्याच मापाचा ८ अँपिअरचाच फ्यूज घातला. मोठा टाकू का असं मी विचारायच्या आत म्हणाले की मोठा टाकला तर फ्यूजऐवजी आतल्या पट्ट्या वितळतील. उघडल्यावर त्यांनी आणखी एक दाखवलं, मधल्या अर्थिंगच्या भोकामागे काहीच जोडलेलं नाही. म्हणजे तीन पिनांची टॉप घातली तरी अर्थिंग मिळत नाही. बाबांच्या मशीनच्या ब्रिकवर (वायरमधल्या चार्जरच्या डबीवर) चौकोनात चौकोन ही डबल इन्शुलेशनची खूण आहे म्हणून चालतं, पण इस्त्री यावर लावायची माझी तरी तयारी नाही.

आता माझं मत असं झालंय. जपान, अमेरिका, युरोप असेल तर त्या देशाचा साधा, हलका कन्व्हर्टर घ्या, दोन घ्या, आणि सोबत घरची छोटी एक्सटेन्शन. भिंतीत एकच हलकी पिन, बाकी सगळा पसारा टेबलावर, आपल्या टॉपा आपल्याच भोकात. फोनसाठी दोन-तीन पोर्टचा एक चांगला चार्जर. पॉवर बँक २०,००० एमएएचची ७४ वॅट-अवर होते, १०० च्या आत, पण केबिन बॅगेतच हवी, आणि २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्स, एमिरेट्स यांच्या विमानात ती वापरायला बंदी आहे, त्यामुळे विमानात चढायच्या आधी फोन भरून घ्या.

ठोकळा मात्र टाकून दिला नाही. चारवरून दोन स्टारवर आणलाय. दुबई, सिंगापूर, इंग्लंडकडे तीन जाड चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, तिथे असला जड अडॅप्टरही पक्का बसतो, तसा नियमच आहे त्या पिनांचा. डिसेंबरात दुबई ठरतंय, तेव्हा हाच नेणार, ड्रायर हॉटेलचा वापरायचा हे ताईला सांगून ठेवलंय. स्पेअर फ्यूजसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, खोक्याच्या फोटोसकट. उत्तर आलं की इथेच खाली टाकतो.