आधी एल्रिक वाचा, मग बाकीचे तिघं
तलवार आणि जादूटोण्याची जुनी फँटसी वाचायचीय ना, मग मायकल मूरकॉकची एल्रिक सिरीज घ्याच. १९६१ मध्ये आलेला हा हिरो म्हणजे पांढराफटक, अशक्त राजा, आणि त्याची काळी तलवार स्टॉर्मब्रिंगर समोरच्याचा आत्मा पिऊन त्याला ताकद देते, पण ती त्याच्याच जवळच्या माणसांचाही जीव घेते, तिथे अक्षरशः पोटात खड्डा पडतो. खरी मजा पुढेय, कोरम, हॉकमून, एरेकोसे हे वेगळ्या सिरीजमधले हिरो मुळात एकाच योद्ध्याची रूपं आणि चौघं एका जहाजावर भेटतात! तोच प्रसंग हॉकमूनच्या पुस्तकात परत येतो, त्याच्या बाजूने. हॉकमून मला जरा साधा वाटला. कोरम मात्र अजिबात सोडू नका.