परिवीक्षा अधिकाऱ्याची मुलाखत: कलमं पाठ करावीत की अहवाल लिहून बघावा?

कलमं पाठ असली की सुरुवातीचे प्रश्न सुटतात. १९५८च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचं कलम ४ चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटकेचं, कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांचं. पॅरोल ही कैद्याची रजा, परिवीक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख. हा फरक चुकवू नका.

मी मात्र अहवालाला जास्त वेळ देईन. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे आणल्यापासून १५ दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या आणि भोवतालच्या परिस्थितीचा अहवाल, द्यायचा असतो. एक प्रकरण कल्पून बघा: सतरा वर्षांचा मुलगा, मोबाइलचोरी, शाळा सुटलेली, वडील परगावी. घरात आधी कोणाशी बोलाल? शेजाऱ्यांना काय विचाराल, आणि काय मुळीच नाही? (त्याची बदनामी आपल्या हातून व्हायला नको.) हे दोन पानांत उतरवलंत की ‘तुम्ही काय कराल?’ या प्रश्नाला तुमचं स्वतःचं उत्तर असेल.