तुटलेले चाकाचे स्टड घरी बदलताना: लाइल 22800 स्टड इन्स्टॉलरचा अनुभव

पावसाळा संपता संपता माझ्या जुन्या स्विफ्टचे पुढचे डावे चाक काढायला घेतले, तेव्हा एक स्टड, म्हणजे ज्यावर नट आवळून चाक बसवतात तो आट्यांचा दांडा, नटासकट तुटून पान्ह्यातच आला आणि त्याच्या शेजारच्या स्टडचे आटे पार सोलून निघालेले दिसले. पंधरा दिवसांपूर्वी प्रवासात एका पंक्चरच्या दुकानात हे चाक काढून बसवले होते. तिथल्या मुलाने नट हाताने दोन-तीन फेरे न फिरवता थेट हवेच्या गनने चढवले होते, आणि तेव्हा मी गाडीजवळ उभा असूनही काही बोललो नाही. नट तिरका बसला की गनची ताकद आटे कापत जाते आणि बाहेरून तो घट्ट बसलेलाच वाटतो, म्हणून हा दोष पुन्हा चाक काढीपर्यंत कळत नाही.

चार स्टडच्या चाकात एक स्टड गेला तर काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला, पक्के धरून ठेवते ती स्टडच्या ताणामुळे दोन सपाट पृष्ठभागांमध्ये निर्माण होणारी पकड, आणि ब्रेकचा व वळणाचा सगळा जोर त्या पकडीवरच पेलला जातो. माझ्या गाडीसोबतच्या पुस्तिकेत नट 85 न्यूटन-मीटरला आवळायला सांगितले आहे. कोरड्या आट्यांवर एवढ्या पिळाने 12 मिलिमीटरच्या एका स्टडमध्ये ढोबळमानाने साडेतीन टनांची ओढ तयार होते. एक स्टड गेला की ती ओढ जाते, बाकीच्या तिघांना प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकावे लागते आणि त्यांचेही आयुष्य घटते. उलट सत्तर किलोचा माणूस तीस सेंटिमीटरच्या पान्ह्याच्या टोकावर उभा राहिला, तर पीळ दोनशे न्यूटन-मीटरच्या पुढे जातो आणि स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावले तर घर्षण कमी होऊन त्याच 85 वर ओढ बरीच वाढते, हेही ध्यानात ठेवायला हवे. दोन स्टड निकामी झाले होते, आणि उरलेल्या दोघांनी तेवढाच मार खाल्ला असणार, म्हणून मी चारही बदलायचे ठरवले.

स्टड घेण्यासाठी पुण्यात नाना पेठेत गेलो. सोबत तुटलेला तुकडा आणि एक चांगला नट नेला होता, आणि तसे करावे असा माझा आग्रह आहे, कारण 12 मिलिमीटर जाडीच्या स्टडमध्येही आट्यांचे अंतर दोन तऱ्हांचे असते. मारुतीचे स्टड 1.25 मिलिमीटरचे, तर ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचे 1.5 मिलिमीटरचे. चुकीचा नट पहिले एक-दोन फेरे फिरतो, मग अडतो, आणि जोर लावला की दोन्हींचे आटे जातात. दुकानातल्या काकांनी आधी डब्यातला स्टड माझ्या तुकड्याशेजारी ठेवला, मग डोक्याखालच्या मानेवरच्या उभ्या दात्यांची जाडी व्हर्निअरने मोजून दाखवली आणि म्हणाले, "साहेब, आटे जुळले तरी हे दाते जुळले पाहिजेत. सैल असले तर स्टड जागेवर फिरेल, जाड असले तर हबचे भोक फाकेल." शेवटी त्यांनी माझा नट बोटांनी पूर्ण टोकापर्यंत फिरवून पाहिला आणि मगच पैसे घेतले. 60 रुपयांच्या स्टडसाठी एवढी काळजी घेणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

स्टड बसवण्याचे अवजार घरात होते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या क्लॅरिंडा गावची लाइल ही हत्यारे बनवणारी जुनी कंपनी आहे, आणि तिचा 22800 क्रमांकाचा व्हील स्टड इन्स्टॉलर माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी तिकडून येताना घेऊन आला होता. तळहातात मावेल असा हा पोलादी ठोकळा आहे. तो हबच्या बाहेरच्या बाजूने स्टडवर टोपीसारखा चढतो, त्याच्या वर नट लावायचा आणि पान्ह्याने आवळत जायचे, म्हणजे स्टड मागून पुढे ओढला जाऊन त्याचे दाते हबमध्ये शिरतात. याचे सगळे सार नटाखाली असलेल्या बेअरिंगमध्ये आहे. नट फिरतो, ठोकळा जागच्या जागी राहतो आणि पान्ह्याचा बहुतेक जोर सरळ ओढीत खर्च होतो.

आपल्याकडे हेच काम वॉशरच्या चळतीने करतात, आणि मीही पूर्वी तसेच केले आहे. म्हणून या वेळी मुद्दाम पहिला स्टड वॉशरने आणि उरलेले तीन इन्स्टॉलरने बसवले, जेणेकरून फरक एकाच हबवर दिसावा.

आधीची तयारी थोडक्यात सांगतो. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, गाडी जॅकवर उचलून घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवली. निव्वळ जॅकच्या भरवशावर हे काम कोणीही करू नये. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा भाग, ब्रॅकेटसकट काढून तारेने स्प्रिंगला टांगला, कारण तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला तर नळी आतून फाटू शकते. डिस्क काढली. जुने स्टड हातोडीने ठोकून काढायची सर्रास पद्धत आहे, पण तो प्रत्येक घाव चाकाच्या बेअरिंगवर बसतो, म्हणून मी जाड सी-क्लॅम्प आणि मागे पान्ह्याची एक मोठी गोटी (सॉकेट) लावून ते दाबून बाहेर काढले. पहिला स्टड निघायला वीस मिनिटे लागली आणि तो निसटला तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. हब फिरवून रिकामे भोक कॅलिपरच्या जागेसमोर आणले की नवा स्टड मागून किंचित तिरका करून आत जातो. प्रत्येक गाडीत एवढी जागा नसते, त्यामुळे काही खोलण्याआधी ती बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावी.

वॉशरने बसवलेल्या पहिल्या स्टडला दहा मिनिटे लागली. पाच वॉशर ग्रीस लावून रचले, नट उलटा करून सपाट बाजू त्यांच्यावर टेकवली आणि आवळू लागलो. अर्ध्या वाटेवर वॉशर नटासोबत फिरायला लागले, वरचा वॉशर वाटीसारखा वाकला, आणि नट सोडवला तेव्हा त्याच्या आट्यांमधून चांदीच्या भुकटीसारखा चुरा बोटांना लागला. नव्या स्टडचे आटे मी ब्रशने साफ करून भिंगाखाली पाहिले. ते शाबूत होते, पण पहिल्या चार आट्यांच्या कडा चकचकीत झाल्या होत्या.

इन्स्टॉलरने बसवलेला दुसरा स्टड तीन मिनिटांत बसला. पान्ह्याला लागणारा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा होता, आणि डोके हबच्या पाठीला टेकले त्या क्षणी तो एकदम वाढला. हातालाच कळते की आता थांबायचे. वॉशरच्या चळतीत हा क्षण कळत नाही, कारण तिथे घर्षणही सतत वाढत असते आणि डोके टेकले की वॉशर अडले हे ओळखता येत नाही. माझ्या मते या अवजाराचा खरा गुण हाच आहे, वेळ वाचणे त्यानंतरचे. हब फिरू नये म्हणून शेजारच्या दोन स्टडमध्ये लोखंडी पहार अडकवली होती, आणि आटे खरचटू नयेत म्हणून त्या स्टडवर जुने नट चढवले होते.

उणिवाही आहेत. ठोकळ्याच्या उंचीमुळे सुरुवातीला नटाला जेमतेम सहा आटे मिळतात, तेव्हा पहिले काही फेरे अगदी सावकाश द्यावे लागतात. आखूड स्टड असलेल्या गाडीला तो कदाचित चालणारही नाही. नट दोन्ही बाजूंनी उघडा हवा. अलॉय चाकांचे टोपीबंद नट इथे निरुपयोगी आहेत, आणि जो नट वापराल तो पुन्हा चाकाला लावू नये, म्हणून एक जास्तीचा घ्यावा. हवेच्या गनने इन्स्टॉलर चालवायचा मोह टाळावा. भावाला हा इन्स्टॉलर सुमारे वीस डॉलरला पडला होता. आयुष्यात एकदाच स्टड बदलणाऱ्याला एवढा खर्च जास्त वाटेल, पण घरात दोन गाड्या असतील किंवा सोसायटीतले चार जण मिळून घेणार असतील, तर तो जरूर घ्यावा. मागच्या चाकांना जिथे हब आणि ड्रम एकच असतो, तिथे मात्र ड्रम काढून वर्कशॉपमधल्या प्रेसवर नेणेच बरे.

चाक चढवताना नट प्रथम बोटांनी फिरवले, गाडी खाली घेऊन ठरवलेला पीळ आला की टक वाजणाऱ्या टॉर्क पान्ह्याने समोरासमोरच्या क्रमाने 85 ला आवळले, आणि शंभर किलोमीटर चालवून पुन्हा तपासले. इन्स्टॉलरने बसवलेल्या तिन्ही स्टडचे नट जराही न हलता पान्हा टक वाजला. वॉशरने बसवलेल्या स्टडचा नट मात्र टक वाजण्याआधी जवळजवळ अर्धपाव फेरा फिरला, म्हणजे त्याचे डोके तेव्हा पूर्ण टेकलेलेच नव्हते. पुढच्या रविवारी चाक आणि डिस्क पुन्हा उतरवून तोही स्टड मी इन्स्टॉलरनेच ओढून घेतला.