टॅडपोल ओळखायचा कसा: तोंड बघून की डीएनए काढून?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला टॅडपोल (बेडकाची पाण्यातली, शेपटीवाली अवस्था) घेतले असतील, तर हा निर्णय पहिला पाऊस पडायच्या आत घ्या. नंतर घेऊन उपयोग नसतो, कारण नमुना कोणत्या बाटलीत जातो त्यावर पुढचं सगळं ठरतं. फॉर्मलिनमध्ये टॅडपोलचा आकार छान टिकतो, पण डीएनएची वाट लागते. अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, पण अंगातलं पाणी ओढलं जाऊन टॅडपोल मनुक्यासारखा आक्रसतो आणि ओठ आत वळतात. मी पहिल्या पावसाळ्यात सगळंच्या सगळं फॉर्मलिनमध्ये घातलं होतं. डिसेंबरात गाईडनी विचारलं, "सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचायला) काय पाठवणार?" उत्तर नव्हतं.

आधी तोंड. सूक्ष्मदर्शकाखाली टॅडपोल उताणा ठेवायचा, ओठांवर क्रिस्टल व्हायोलेटचा अगदी पातळ थेंब सोडायचा आणि सुईनं ओठ हलकेच उलगडायचे. मधोमध काळी चोच दिसते, वर-खाली केराटिनच्या बारीक दातांच्या ओळी, कडेला मऊ उंचवटे. आपल्या अंगणातल्या साध्या टोडच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) टॅडपोलचं दातांच्या ओळींचं सूत्र २(२)/३. म्हणजे वरच्या ओठावर दोन ओळी, त्यातली दुसरी मध्ये तुटलेली, खालच्या ओठावर तीन. उंचवटे फक्त दोन्ही बाजूंना, वर आणि खाली मोकळी जागा. त्यात अंग काळं आणि डबक्यात झुंडीनं फिरायची सवय. टोडचं घराणं ओळखायला एवढं पुष्कळ. त्याच डबक्यात सोनबेडकाचा टॅडपोल सापडला तर चोच तगडी आणि दातांच्या ओळी जास्त. तो दुसऱ्या टॅडपोलना खातो. सूक्ष्मतोंडी बेडकांच्या टॅडपोलला ना चोच, ना दात. खर्च म्हणाल तर सूक्ष्मदर्शक, सुई आणि मान अवघडणं.

मर्यादाही आहेत. प्राणिशास्त्रज्ञ गॉस्नरनं १९६० मध्ये अंड्यापासून पिल्लापर्यंत ४६ पायऱ्या मांडल्या. त्यातल्या साधारण २५ ते ४० या टप्प्यातच तोंड वाचता येतं. ४२ व्या पायरीला पुढचे पाय बाहेर येतात, तोवर चोच-दात गळायला लागलेले असतात. दुसरं म्हणजे, तोंड घराण्याइतकंच राहणीबद्दलही सांगतं. ग्रेस ऑर्टननी १९५३ मध्ये तोंड आणि श्वासरंध्राच्या जागेवरून टॅडपोलचे चार प्रकार पाडले. त्यातल्या दोन प्रकारांना चोच-दात नसतात: एकात आफ्रिकेतले नखवाले बेडूक, दुसऱ्यात आपले सूक्ष्मतोंडी. नात्यानं मात्र ते एकमेकांपासून फार लांब आहेत. म्हणून एका लक्षणावर वंशावळ बांधू नका. अलेक्झांडर हास यांनी २००३ मध्ये शंभराहून अधिक लक्षणं एकत्र घेतली, तेव्हा कुठे टॅडपोलवरून नाती नीट मांडता आली.

डीएनएला वयाची अट नाही, अंडंसुद्धा चालतं. बेडकांसाठी १६एस जनुकाचा सुमारे ५५० अक्षरांचा तुकडा नेहमीचा. जवळच्या, दिसायला सारख्या जातींत तोंड गप्प बसतं, तिथे हाच मार्ग. पण डेटाबेसमध्ये त्या जातीच्या प्रौढ बेडकाचा नीट ओळखलेला क्रम नसेल, तर हातात अक्षरं येतात, नाव येत नाही. सह्याद्रीत हे अजूनही होतं, आणि चुकीच्या नावानं भरलेले क्रमही भेटतात. शिवाय डीएनए सांगतो 'हा कोण'. तो तळ खरवडून खातो की पृष्ठभागावरचं टिपतो, ते सांगत नाही.

प्रौढांच्या वर्गीकरणात डीएनएनं काय उलथापालथ केली ते कोयना टोडवरून कळतं. १९६३ मध्ये तो 'बुफो' या प्रजातीच्या (जीनसच्या) गाठोड्यात गेला होता. २००९ मध्ये त्याला आणि नव्यानं वर्णन झालेल्या आंबोली टोडला मिळून 'झँथोफ्रिनी' ही वेगळी प्रजाती मिळाली.

माझं मत विचाराल तर: एका तालुक्यातली डबकी, एकच पावसाळा आणि बेताचं बजेट असेल, तर तोंड घ्या. प्रश्नच जवळच्या जातींचा असेल, तर डीएनएशिवाय पर्याय नाही. टॅडपोल पाळून बेडूक होईपर्यंत वाट बघणं हा तिसरा मार्ग खात्रीचा, पण हॉस्टेलच्या खोलीत टब ठेवू देतात का ते आधी विचारा.

काहीही ठरवलं, तरी वनखात्याची परवानगी हातात आल्यावर एवढं करा. टॅडपोलला भूल देऊन मारल्यावर शेपटीचं टोक कापून अल्कोहोलच्या कुपीत टाका, उरलेला देह फॉर्मलिनमध्ये, दोन्हींवर एकच नंबर. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि महिन्याभरानं कुपीत निळं पाणी आणि कोरा कागद उरतो.