फोर्ट की गणेशखिंड? एकच विद्यापीठ पायी बघायचं असेल तर

मुंबईच्या फोर्टातलं विद्यापीठ बघायला पाय फारसे लागत नाहीत, मान लागते. पुण्याच्या गणेशखिंडीत उलट. तिथे मान सरळ ठेवली तरी चालेल, पण चपला चांगल्या हव्यात. एवढ्यावरच ज्यांचा निर्णय झाला असेल त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी हरकत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण या दोन जागांमध्ये ‘जुन्या दगडी इमारती’ यापलीकडेही एक नातं आहे आणि ते कळलं की निवड सोपी होते.

नातं कापसाचं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रियर. त्यांनी फोर्टचा जुना तट पाडून टाकला, समोरची मोकळी जागा नव्या सरकारी इमारतींना दिली, आणि त्याच सुमारास पुण्याजवळ गणेशखिंडीत स्वतःसाठी, म्हणजे गव्हर्नरांसाठी, नवा बंगला बांधायला काढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, अर्धी मुंबई बुडाली. दोन्ही बांधकामं मात्र पुढे चालूच राहिली. मुंबईत त्यातून विद्यापीठ उभं राहिलं, पुण्यात राजवाडा. त्या राजवाड्याचं विद्यापीठ व्हायला १९४९ उजाडावं लागलं.

म्हणजे एक वास्तू विद्यापीठासाठी जन्मली आणि दुसरी विद्यापीठाला दत्तक गेली. दोन्हीकडे चालताना हा फरक पावलोपावली जाणवतो.

आधी फोर्ट. नकाशावर नुसतं ‘मुंबई विद्यापीठ’ टाकलंत तर कालिन्याला जाऊन पोहोचायची दाट शक्यता आहे. तोही विद्यापीठाचाच परिसर आणि खूप मोठा, पण आपण बोलतोय ते तिथलं नव्हे. चर्चगेटला उतरा आणि ओव्हल मैदानाकडे चालत या. सुरुवात विद्यापीठाच्या फाटकापासून करू नका, मैदानाच्या मधल्या पायवाटेवरून करा. तिथून पूर्वेकडे तोंड केलं की उजवीकडून डावीकडे ओळीने दिसतं: जुनं सचिवालय, दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर, मग उच्च न्यायालय. आज या इमारती मैदानाकडे बघतात. बांधल्या तेव्हा त्या समुद्राकडे बघत होत्या, मधली भर नंतरची आहे. पाठ फिरवली की मैदानाच्या दुसऱ्या कडेला आर्ट डेको पद्धतीच्या गोलसर बाल्कन्यांची रांग दिसते. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. एका जागी उभं राहून, नुसतं वळून, दोन शतकं बघता येतात अशी दुसरी जागा निदान मला माहीत नाही.

विद्यापीठाच्या दोन्ही मुख्य इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनमध्ये बसून कागद पाठवत राहिले. कागदावर युरोपातलं गॉथिक होतं. त्याला ऊन आणि पाऊस सोसेल असे व्हरांडे, गोल जिने आणि इथल्या दगडाचं कोरीवकाम मिळालं आणि वेगळंच काहीतरी उभं राहिलं. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं, पैसे सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचे. आत जायला मिळालं तर आधी वर बघा. तिथे रंगीत काचेची भलीमोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यावर बारा राशी आहेत. पदवी घेणाऱ्यांच्या डोक्यावर राशिचक्र ठेवायची कल्पना कोणाची होती कोण जाणे, पण आपल्या लोकांना ती मानवली असणार.

राजाबाई टॉवरवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. कापसाचे आणि शेअर बाजाराचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. अट एकच, टॉवरला आईचं नाव. पुढच्याच वर्षीच्या पडझडीत ते स्वतः बुडाले, देणगी मात्र विद्यापीठाकडे शाबूत राहिली. १८६९ मध्ये काम सुरू झालं, १८७८ मध्ये संपलं. उंची २८० फूट. राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नियम पाळायला त्यांना घड्याळाचे टोल उपयोगी पडत, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, टोल ऐकताना आठवतेच. घड्याळ पूर्वी १६ वेगवेगळ्या धून वाजवायचं.

पण टॉवरची खरी गंमत घड्याळात नाही. त्याच्या अंगावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. पागोट्यांचे प्रकार, अंगरखे, उभं राहायची ढब, सगळं निरनिराळं. ते घडवण्यामागे सहायक अभियंता रावबहादुर मुकुंद रामचंद्र होते. स्कॉटसाहेबांचं नाव सगळे घेतात, यांचं कोणी घेत नाही. खालून नुसत्या डोळ्यांना हे पुतळे म्हणजे ठिपके वाटतात, म्हणून फोर्टला जाताना पाण्याची बाटली विसरलात तरी चालेल, दुर्बीण विसरू नका. टॉवरवर चढायला लोकांना मज्जाव आहे. वर जाऊन मुंबई बघायची हौस असेल तर ती इथे भागणार नाही.

आणि एवढं झालं की फोर्टचं विद्यापीठ संपतं. खरंच संपतं. दोन इमारती, थोडी बाग, काही व्हरांडे. रमतगमत तासभर. उरलेला वेळ शेजाऱ्यांकडे, उच्च न्यायालय आणि पुढचा फोर्ट, असा घालवायचा. ज्यांना ‘आवार’ हवंय, झाडाखालचे रस्ते, वळणं, चुकून सापडणारी एखादी इमारत, त्यांचा इथे हिरमोड होईल.

गणेशखिंडीत नेमकं तेच आहे. सुमारे ४११ एकर. विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीतून जिवानिशी सुटून फाटकातून आत शिरलं की आवाज एकदम खाली जातो. वडांच्या आणि इतर जुन्या झाडांच्या सावलीतून चालत राहायचं. विद्यार्थी जिला सरळ ‘मेन बिल्डिंग’ म्हणतात ती इमारत लगेच दिसत नाही आणि मला तेच आवडतं. फोर्टची इमारत रस्त्यावरून तुमच्यावर चालून येते, ही तुम्हाला यायला लावते.

मेन बिल्डिंग १८६४ ते १८७१ या काळात झाली, वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. धाटणी इटलीतल्या श्रीमंत बागायती वाड्यांची: लांबट मांडणी, कमानी, एका अंगाला उंच मनोरा. गॉथिकचा टोकदार आवेश इथे नाही. खर्च इतका वाढला की विलायतेच्या संसदेत उधळपट्टीचा नमुना म्हणून तिचं नाव निघालं. राजाबाई टॉवर डोळ्यांत भरलेल्या माणसाला ही इमारत पहिल्या भेटीत थोडी फिकी वाटते, हे कबूल करायला हवं. तिच्यावर पुतळे नाहीत, दुर्बीण लागत नाही. तिची गोष्ट भिंतींवर लिहिलेली नाही, आवाराबाहेरच्या रस्त्यावर घडलेली आहे.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून याच बंगल्यात सोहळा होता. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांच्या घराघरांत सोजीर घुसवणारा रँड त्या रात्री इथूनच परत निघाला होता. गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. मागच्या गाडीतला आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण मेन बिल्डिंगच्या पायऱ्यांवरून फाटकाकडे चालत निघालात की कळतं, ती गाडी निघाली तो दिवाणखाना हा होता. आज त्याच इमारतीसमोरच्या परिसरात सावित्रीबाई फुल्यांचा पुतळा आहे आणि २०१४ पासून विद्यापीठाला नावही त्यांचंच. गव्हर्नरांच्या अंगणात सावित्रीबाई! या एका दृश्यासाठी मी ही इमारत फोर्टच्या तोडीस तोड धरतो.

पुण्याचं दुसरं हुकमी पान म्हणजे आयुका. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि तिच्या इमारती चार्ल्स कोरिया यांच्या. स्कॉटने न बघता केलेलं काम आणि कोरियांनी माती, दगड, आकाश बघून केलेलं काम, ही तुलना मला तरी टाळता येत नाही. आयुकाच्या भिंती काळ्या आहेत. खाली इथलाच काळा कातळ, वर कडप्पा, सगळ्यात वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं. भिंत कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं हे क्षणभर कळू नये अशी ती योजना. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं कुंड आहे, आपल्या देवळांपुढे असतं तसं, आणि सोबतीला आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. हिरवळीवर त्रिकोणात त्रिकोण अशी गणिती आकृती आखलेली आहे. पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दाखवणारा फुकोचा लंबकही आहे. शाळकरी मुलं बरोबर असतील तर तुलना इथेच संपली, पुण्याला जा. फोर्टला मुलं दहाव्या मिनिटाला ओव्हलवरचं क्रिकेट बघायला लागतात. त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही.

आता अडचणी. दोन्हीकडे ‘आत’ जाता येईलच असं समजून निघू नका. फोर्टमध्ये बाहेरून बघणं कोणी अडवत नाही, पण दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालयात शिरायचं तर परवानगी किंवा वारसा-फेरी हवी. त्याची चौकशी आठवडाभर आधी केलेली बरी. पुण्यात रस्त्यांवरून चालणं सोपं, मेन बिल्डिंगच्या आतला भाग आणि आयुका यांचं मात्र विचारूनच ठरवावं. आयुका बघायला सर्वांत बिनघोर दिवस २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, तेव्हा ती लोकांसाठी खुली असते. गर्दी तुफान असते, कुंडाजवळ निवांत बसायचा बेत असेल तर तो दिवस टाळा.

आत जायला मिळालंच नाही तर काय उरतं, हा मला निर्णायक प्रश्न वाटतो. फोर्टमध्ये राशीची खिडकी हुकते, पण पुतळे, टॉवर, दोन रांगांमधलं मैदान, म्हणजे बारा आणे माल रस्त्यावरच आहे. पुण्यात आयुका हुकलं तर चालणं आणि एक इमारत एवढंच हातात राहतं. चालण्याची आवड असेल तर ते पुरेसं आहे, नसेल तर नाही.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर फोर्ट. सपाट जागा, थोडं अंतर, बसायला मैदान. गणेशखिंडीत मेन बिल्डिंग, जयकर ग्रंथालय, आयुका असं करता करता पायांचे तुकडे पडतात आणि मधेच रिक्षा करायची म्हटलं तर फिरण्याची मजा जाते. फोटो काढणाऱ्यांनी फोर्टला दुपारनंतरच जावं. इमारतींची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, सकाळी ती सावलीत काळवंडलेली असते आणि साडेचारनंतर पिवळट दगड उजळतो. पुण्याला याच्या उलट, सकाळी लवकर.

राहता राहिला ऋतू. मुंबई सरकारचे गव्हर्नर थंडीत मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राहत. गणेशखिंडीचा बंगला मुळात बांधलाच पावसाळ्यासाठी. त्यांच्याबद्दल बाकी काहीही म्हणा, हे वेळापत्रक त्यांनी चोख ठरवलं होतं. जुलै ते सप्टेंबरमध्ये फोर्टच्या व्हरांड्यात पावसाचे सपकारे येतात, ओव्हलचा चिखल होतो आणि मान वर केली की चष्म्यावर थेंब. त्याच दिवसांत गणेशखिंडीची झाडं भरून आलेली असतात आणि आयुकाच्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये ढग सरकत असतात. डिसेंबर-जानेवारीत उलटं करा. तेव्हा ओव्हलवर पाच वाजता उभं राहावं. टॉवरचं घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजतं, म्हणजे सव्वापाचपर्यंत थांबलात तरी दोनदा ऐकून होतं.